दगडांच्या भाकरी

प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार
वाचने : उत्पत्ती २:७-९, ३:१-७, रोमकरांस ५:१२-१९, मत्तय ४:१-११



गेल्या बुधवारी आम्ही तुमच्या कपाळावर राख लावत होतो. रांगेत गिट्टी खदानीवर काम करणारे आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ उभे होते. कामावरून ते तसेच उपासनेला आले होते. हातपाय, तोंड धुतलेले होते, पण राख लावायला आम्ही अंगठा टेकवला तेव्हा केसांच्या मुळाशी पांढुरकी भुकटी तशीच दिसली. ते हळूच हसले आणि म्हणाले, "फादर, आमाले तं रोजच राख लागते."

त्या क्षणी आम्हालाही हसू आले. पण उपासना संपली, दिवे मालवले, तरी ते वाक्य मनातून जाईना. राखेचा बुधवार वर्षातून एकदा येतो. आपण मातीचे आहोत आणि मातीलाच मिळणार आहोत याची आठवण ख्रिस्तसभा त्या दिवशी आपल्याला करून देते. परंतु ज्यांच्या अंगावर, ताटावर, पाण्याच्या माठावर आणि लेकरांच्या अंथरुणावर रोज धूळ बसते, त्यांना या राखेचा अर्थ कोणत्या तोंडाने सांगावा? आज याच प्रश्नावर आपण मिळून मनन करूया.

आजच्या पहिल्या वाचनात परमेश्वर जमिनीतील माती घेतो, मानवाला घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. तेव्हा कुठे मानव जिवंत प्राणी होतो. माती आणि श्वास, या दोनच गोष्टींचे आपण बनलेलो आहोत. माती खाली राहावी, शेतात राहावी, पिकाला आधार द्यावा. आणि श्वास छातीत राहावा, ही देवाने लावलेली व्यवस्था आहे. माती जेव्हा श्वासाच्या जागी जाऊन बसते, तेव्हा समजावे की व्यवस्था कोठेतरी बिघडली आहे. ती देवाने बिघडवलेली नाही.

आपल्या भागाची गोष्ट

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा म्हणून ओळखला जातो. पण या काळ्या मातीखाली दुसरी संपत्ती दडलेली आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्याची गिट्टी होते. पूर्वेला वणी तालुक्यात कोळसा आहे. राजूरला चुनखडी निघते आणि तिथल्या चुनाभट्ट्या सर्वांना ठाऊक आहेत. झरी जामणी तालुक्यात मुकुटबनच्या बाजूला चुनखडीमुळे सिमेंटचा कारखाना उभा राहिला. उकणी, निलजई, नायगाव, कोलगाव, मुंगोली ही नावे आता गावांची कमी आणि कोळसा खाणींची जास्त वाटतात. त्या बाजूने जाताना आधी ढिगारे दिसतात. पूर्वी जिथे सपाट शिवार होते, तिथे खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत.

शेजारच्या चंद्रपूरचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित पट्ट्यांत गणले गेले. चंद्रपूर आणि वणी यांच्यामध्ये वर्धा नदी आहे. नदी जिल्ह्यांची सीमा ठरवते, हवेची नाही.

धूळ कशी निर्माण होते हे आपल्यापैकी अनेकांना आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे, कारण तुम्ही ती रोज पाहता. दगडात ड्रिलने भोके पाडताना ती उडते. सुरुंग लावल्यावर उडते. क्रशरच्या जबड्यात दगड फुटतो, चाळणीवर गिट्टी वेगळी होते, पट्ट्यावरून ती ढिगावर पडते, अशा प्रत्येक टप्प्यावर उडते. आणि शेवटी ताडपत्री न टाकलेला टिप्पर कच्च्या रस्त्याने गावातून धावतो, तेव्हा त्याच्या चाकांखालून ती पुन्हा एकदा उडते. बऱ्याच वेळा खदानीपेक्षा रस्त्याचीच धूळ गावाला जास्त छळते.

डोळ्यांना दिसते ती जाड धूळ. ती नाकात अडकते, शिंकेवाटे बाहेर पडते. खरी भीती न दिसणाऱ्या धुळीची आहे. आपल्या डोक्याचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम १० म्हणतात. ते श्वासनलिकेपर्यंत पोहोचतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे पीएम २.५, हे कण फुफ्फुसांच्या अगदी तळाशी जाऊन बसतात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत पीएम १० हे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि पीएम २.५ हे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याहून कितीतरी कडक मर्यादा सांगितल्या : ४५ आणि १५. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड व जड असते, वर उबदार हवेचे झाकण बसते, आणि धूळ वर जायला वाटच मिळत नाही. म्हणूनच माघाच्या थंडीत सकाळी मुले शाळेला निघतात, त्याच वेळी गावावर तो पांढरा पडदा तरंगत असतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळ्या दगडांची धूळ सारखी नसते. ज्या दगडात गारगोटी म्हणजे सिलिका भरपूर असते, त्याची बारीक धूळ सर्वांत घातक. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो, फुफ्फुसे घट्ट होत जातात आणि त्यावर पूर्ण बरे करणारा उपाय नाही. पुष्कळदा तो क्षयच समजला जातो, आणि ज्यांना सिलिकोसिस आहे त्यांना क्षय लवकर जडतो हेही खरे. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका फार कमी असते. कोळशाच्या थरांवर असलेल्या वाळूखडकात मात्र ती असते. चुनाभट्टीची भुकटी डोळ्यांना आणि घशाला भाजते. तेव्हा "आपला दगड गुजरातसारखा नाही" असे जे म्हणतात, ते काही अंशी बरोबर आहेत. पण दगड कोणताही असो, बारीक धूळ दम्याच्या लेकराला दम लागू देते आणि म्हाताऱ्या माणसाच्या हृदयावर ताण आणते. कमी विषारी म्हणजे निर्दोष नव्हे.

आणि पिकाचे काय? पानावर धुळीचा थर बसला की पानाची छिद्रे बुजतात, ऊन पानापर्यंत पोहोचत नाही. कोळशाच्या रस्त्याकडेला वेचलेला कापूस काळवंडतो, बाजारात त्याचा भाव पडतो. या दिवसांत आपल्याकडे पळस फुलायला लागतो. खदानीच्या रस्त्याला लागून असलेला पळस पाहा. फूल केशरी आणि फांद्या राखाडी. जणू त्याच्याही कपाळावर कोणी राख लावली आहे.

पहिला मोह : दगडाची भाकर

आता शुभवर्तमानाकडे वळूया. चाळीस दिवस उपवास करून प्रभू येशूला भूक लागली आहे. सैतान जवळ येऊन सुचवतो की, या धोंड्यांच्या भाकरी कर.

बंधूंनो आणि भगिनींनो, हे वाचन आम्ही आजवर अनेकदा केले. पण आपल्या धर्मग्रामात आल्यावर ते पहिल्यांदा नीट ऐकू आले. आपल्यातील किती कुटुंबे रोज हेच करतात! दगडाची भाकर करतात. सकाळी सात वाजता खदानीवर जातात, दगड फोडतात, भरतात, वाहतात, आणि संध्याकाळी पिठाची पिशवी घेऊन घरी येतात. कोरडवाहू शेतीने साथ सोडली, कापसाने कर्ज फिटले नाही, तेव्हा या दगडांनीच त्यांची चूल पेटती ठेवली. त्यात पाप नाही. कष्टाची भाकर पवित्र आहे. जी भाकर आपण वेदीवर अर्पण करतो, ती मानवी श्रमाचेच फळ आहे.

गेल्या महिन्यात मिस्सानंतर मंदिराच्या पायरीवर जे घडले ते अनेकांनी पाहिले. एक आई आपल्या लेकराचा दम्याचा पंप हातात घेऊन बोलत होती. खदान बंद झालीच पाहिजे, असे तिचे म्हणणे. समोर दुसरी आई उभी होती. तिचा नवरा त्याच खदानीवर टिप्पर चालवतो. ती म्हणाली, "बंद झाली तं आमी काय खावाचं? तुह्या पोराले दम लागते, माह्या पोरायले भूक लागत नाही काय?" दोघी रडत घरी गेल्या. त्यानंतरच्या रविवारी एक कुटुंब डाव्या बाजूला बसले, दुसरे उजव्या. शांतीची खूण देण्याच्या वेळी दोघींनीही एकमेकींकडे पाहिले नाही.

आम्ही वेदीवरून हे पाहत होतो. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही शब्द सुचले नाहीत, कारण दोन्ही आयांचे म्हणणे खरे होते.

येशूने भाकरीला तुच्छ लेखले नाही. पुढे त्यानेच पाच हजारांना जेवू घातले. भुकेल्याला उपदेश करणारा तो प्रभू नव्हे. पण मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, हे त्याने सैतानाला सुनावले. मोह भाकरीत नव्हता. "भाकर मिळते आहे ना, मग बाकी काही विचारू नकोस," या सांगण्यात मोह होता. आपल्याला आज हेच सांगितले जात आहे : काम हवे की हवा हवी, एक निवडा. ही निवडच खोटी आहे. श्वास घेतल्याशिवाय भाकर गिळता येत नाही, आणि भाकरीशिवाय श्वास टिकत नाही. जो तुम्हाला दोहोंपैकी एक निवडायला सांगतो, त्याचा स्वतःचा खर्च वाचत असतो, हे ओळखा.

कारण धूळ थांबवता येते. त्यासाठी खदान बंदच करावी लागते असे नाही. स्टोन क्रशरसाठी पर्यावरण कायद्याखालील नियम कित्येक वर्षांपासून आहेत. धूळ जिथे निर्माण होते ती जागा झाकावी, पाण्याचे फवारे लावावेत, वारा अडवणारी भिंत उभारावी, आवारातले रस्ते पक्के करावेत, जमीन नियमित झाडावी व ओली ठेवावी, सभोवती झाडांचा पट्टा लावावा. यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर तरंगत्या धुळीचे प्रमाण ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे बंधन आहे. आईने मुलांसाठी जेवण झाकून ठेवावे इतक्या साध्या या गोष्टी आहेत. पत्रे, पाणी, ताडपत्री, झाडे. त्यांना पैसा लागतो, आणि तो आज मालकाच्या खिशातून जात नाही. तो आपल्या लेकरांच्या छातीतून जातो.

दुसरा मोह : मला काही होत नाही

सैतान मग येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक. तुझ्या पायाला दगडसुद्धा लागणार नाही, देवदूत तुला झेलतील. येशू उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नये.

आपल्याकडे हा मोह फार गोड शब्दांत येतो. "फादर, वीस वर्षं झाली, मले काही झालं नाही." "दुपट्टा बांधतो ना तोंडाले." "देव आहे पाठीशी." देव पाठीशी आहे याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण ज्या देवाने बुद्धी दिली, त्याला आपली बेपर्वाई झेलायला लावणे ही श्रद्धा नव्हे. दुपट्टा जाड धूळ अडवतो, बारीक कण त्याच्या विणीतून सहज आत जातात. धुळीचे आजार दहा, पंधरा, वीस वर्षे गप्प राहतात. ज्या दिवशी जिना चढताना दम लागतो, त्या दिवशी पुष्कळ उशीर झालेला असतो.

गुजरातेत गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर भागातील आदिवासी मजूर गेले. तरुण वयात सिलिकोसिस घेऊन परतले. वर्षानुवर्षे न्यायालयात झगडल्यावर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर झाली. पैसे आले, माणसे आली नाहीत.

आणि इतके दूर कशाला जायचे? २०१७ सालचा पावसाळा आपला जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हाही तोंडाला दुपट्टाच होता. तेव्हाही म्हटले गेले की मजुरांनीच काळजी घेतली नाही. हवेतून शरीरात जाणारे विष दिसत नाही, म्हणून त्याचा दोष नेहमी ज्याच्या शरीरात ते गेले त्याच्याच माथी मारला जातो. हा अन्याय आपण पुन्हा होऊ देता कामा नये.

तिसरा मोह : उंच डोंगरावरून

शेवटी सैतान येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातील राज्ये व त्यांचे वैभव दाखवतो. एकदाच नमन कर, हे सर्व तुझे.

उंचावरून पाहिले की वैभव दिसते, माणसे दिसत नाहीत. चौपदरी महामार्ग दिसतो, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाची खडी दिसते, शहरातील इमारती दिसतात. हे सर्व आपल्यालाही हवे आहे. आजारी माणसाला नागपूरला नेताना रस्ता चांगला असावा असे आम्हालाही वाटते. पण त्या रस्त्याची गिट्टी ज्या गावातून गेली, त्या गावाने काय श्वासात घेतले, हे डोंगरावरून दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते.

आता आम्हाला एक कबुली द्यायची आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखवण्यापूर्वी आपल्या डोळ्यातील मुसळ पाहावे, अशी प्रभूची शिकवण आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामाचे सभागृह बांधायला घेतले, तेव्हा त्याच खदानीच्या मालकांनी बारा टिप्पर गिट्टी विनामूल्य दिली. आम्ही ती आनंदाने घेतली. याच पत्रिकेत त्यांचे आभार छापले. त्यानंतर कोणी धुळीची तक्रार घेऊन आले की आम्ही म्हणत असू, "बघू, बोलू त्यांच्याशी." बोललो मात्र नाही. कोणी आम्हाला गप्प बसायला सांगितले नव्हते. गरजच पडली नाही. बारा टिप्परांनी ते काम केले होते. सैतानापुढे लोटांगण घालावे लागते असे थोडेच आहे; मान किंचित वळवून दुसरीकडे पाहिले तरी पुरते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्विनास यांची समाईक हिताची कल्पना आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. समाजाचे हित म्हणजे प्रत्येकाच्या फायद्याची बेरीज नव्हे, तर जे वाटून घेतल्याने कमी होत नाही आणि एकट्याला मिळवताच येत नाही असे हित. तेव्हा ते पुस्तकी वाटले. आज त्याचे उदाहरण आपल्या डोक्यावर तरंगते आहे. शेताला बांध घालता येतो, विहिरीला कुलूप लावता येते, हवेला नाही. मालकाचा श्वास, मजुराचा श्वास, शाळेतील पोराचा आणि वेदीवरील धर्मगुरूचा श्वास एकाच भांड्यातून येतो. माणूस दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. त्यांपैकी एकही उधारीवर ठेवता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात हेच शिकवले की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन वेगळे आवाज नाहीत. दूषित हवेचा पहिला घाव गरिबांवर बसतो हे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्या परिपत्राचे नाव ज्यांच्या स्तोत्रावरून घेतले, ते असिसीचे संत फ्रान्सिस वाऱ्याला आपला भाऊ म्हणत. त्यांच्या निधनाला २०२६ साली ८०० वर्षे होत आहेत. आपल्या या भावाची आज काय अवस्था आहे, हे त्यांना सांगायला आपल्याला लाज वाटावी.

पश्चात्ताप म्हणजे परतफेड

प्रायश्चित्तकाळात आपण पापांची कबुली देतो. पण कबुलीने अर्धेच काम होते. जक्कयाने येशूला घरी घेतले तेव्हा तो नुसता रडला नाही. लुबाडलेले चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. म्हणून आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे प्रस्ताव मांडला आहे की त्या बारा टिप्पर गिट्टीची बाजारभावाने किंमत काढून ती हप्त्यांनी मालकांना परत करावी. काहींना हा वेडेपणा वाटेल. पण ज्याचे देणे फिटले आहे, त्यालाच मोकळ्या आवाजात बोलता येते.

मालकांनाही आम्ही गेल्या आठवड्यात भेटलो. ते आमचे शत्रू नाहीत, तुमचेही नाहीत. त्यांनी चहा दिला, म्हणणे ऐकून घेतले आणि एक खरी अडचण सांगितली : "फादर, एप्रिलमध्ये गावाला प्यायला पाणी नसते, मी दगडावर कुठून मारू?" प्रश्न खोटा नव्हता. आमच्यासोबत आलेल्या, खदानीवरच काम करणाऱ्या आपल्या एका तरुणाने उत्तर दिले. जुन्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठते, ते उपसून फेकण्याऐवजी साठवले तर पुष्कळ दिवस पुरेल. आणि चाळणी व पट्टा झाकायला तर पाणी लागतच नाही. मालकांनी चाळणीवर पत्रे टाकण्याचे मान्य केले. गावातल्या रस्त्याबद्दल मात्र त्यांनी शब्द दिला नाही. तेव्हा अर्धे काम बाकी आहे, आणि ते आपल्याला ग्रामसभेत करायचे आहे.

ग्रामसभेत जाताना दोन्ही आयांनी एकाच बाजूला बसावे, अशी आमची विनंती आहे. मागणी खदान बंद करण्याची नको आणि गप्प बसण्याचीही नको. नियमाप्रमाणे चालवा, एवढीच मागणी पुरेशी आहे. टिप्परवर ताडपत्री, गावातून जाणारा रस्ता पक्का होईपर्यंत त्यावर पाणी, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहतूक बंद. खदानीवरील प्रत्येक कामगाराची मालकाच्या खर्चाने छातीची तपासणी. कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व १९५२ च्या खाण कायद्यापासून आपल्या देशाने मानले आहे. ऐकले नाही तर १९८१ च्या हवा कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीत तारीख, वेळ आणि छायाचित्र असावे; नुसता संताप असू नये. शुद्ध हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले आहे. लहान खदानींनाही पर्यावरण मंजुरी लागते, हे त्याच न्यायालयाने २०१२ साली ठरवून दिले. शिवाय २०१५ पासून खाणींच्या उत्पन्नातील वाटा जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होतो आणि तो खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य व प्रदूषण नियंत्रण यांसारख्या कामांसाठी आहे. तो मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

आणि प्रत्येकाने घरी काय करावे? या चाळीस दिवसांत आपण मांसाहार सोडतो, काही जण तंबाखू सोडतात. खदानीवर काम करणाऱ्यांनी तंबाखूबरोबर विडीही कायमची सोडावी, कारण धूळ आणि धूर मिळून फुफ्फुसे अधिक वेगाने खातात. घरी आल्यावर लेकराला जवळ घेण्याआधी कामाचे कपडे बदलावेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना आपण कोणते काम करतो ते आवर्जून सांगावे. पावसाळ्यात लावण्यासाठी कडुनिंब, करंज यांची रोपे आपल्या मंदिराच्या आवारात आजपासून तयार करू. बिया आणण्याचे काम रविवार शाळेच्या मुलांकडे दिले आहे.

प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो, पुनरुत्थित प्रभू शिष्यांना भेटला, तेव्हा त्याने त्यांच्यावर श्वास फुंकला आणि पवित्र आत्मा दिला, असे संत योहान सांगतो. सृष्टीच्या आरंभी मातीच्या पुतळ्यात जो श्वास फुंकला गेला, तोच पुन्हा एकदा, भेदरलेल्या माणसांत. चाळीस दिवसांनंतर पास्काच्या रात्री आपण अंधारात मेणबत्त्या घेऊन उभे राहू. त्या रात्रीपर्यंत चाळणीवर पत्रे आलेले असोत, रस्त्यावर पाणी पडलेले असो, आणि त्या दोन आयांनी एकमेकींची मेणबत्ती पेटवलेली असो. राखेपासून ज्योतीपर्यंतची आपली वाट यंदा त्या खदानीच्या रस्त्यावरून जाते.

प्रार्थना करूया : हे प्रभू परमेश्वरा, तू आम्हाला मातीतून घडवलेस आणि आपला श्वास दिलास. जे दगड फोडून लेकरांना भाकर देतात त्यांच्या हातांना बळ दे, त्यांच्या छातीचे रक्षण कर. ज्यांच्या हाती यंत्रे आणि अधिकार आहेत त्यांना डोंगरावरून खाली उतरव. आमच्या गप्प बसण्याची आम्हाला क्षमा कर. आमच्या घरांत भाकर आणि आमच्या लेकरांना मोकळा श्वास, ही दोन्ही दाने आम्हाला एकत्र दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.

तुमचे धर्मगुरू